माळावरचं उखळ

तानुवहिनीचा माझ्या भावावर एकच राग होता. तो तिने ऐन तरुणपणी धरला आणि भाऊ गेला तरी सोडला नाही. बाकी दोघांचा संसार चांगला झाला. माणिकदादा तापट नव्हता, कधी दारूच्या वाटेला गेला नाही, जिंतूरच्या बाजारातून येताना तिच्यासाठी पानं आणि चुन्याची डबी न चुकता आणायचा. पण त्यांची पहिली मुलगी पुतळा सात महिन्यांची होऊन गेली, आणि तिला ठेवलं त्या जागेवर बाप म्हणून तो कधी उभा राहिला नाही, हे वहिनीला विसरता आलं नाही. ज्वारी निवडताना, वाती वळताना ती मधूनच हात थांबवायची आणि म्हणायची, "तुझ्या भावाला पोरीची माया नव्हती बघ." तो माझा भाऊ होता आणि ती मला आईच्या जागी. दोघांपैकी कोणाची बाजू घ्यायची हे मला कधी कळलं नाही.

आई मला आठवत नाही. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी जेमतेम पाच वर्षांची होते. माझ्या डोक्यातल्या जटा तिने खोबरेल लावून सोडवल्या, शाळेत तिनेच पाठवलं. म्हणून ती मला वन्सं म्हणत नाही, नावाने हाक मारते. पुतळा झाली तेव्हा मी आठेक वर्षांची असेन. बारशाला आत्या म्हणून तिच्या कानात नाव मीच सांगितलं. मी तिला कमरेवर घेऊन गावभर हिंडायचे. मग एकदा तिला ताप आला आणि तो उतरलाच नाही. जिंतूरच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली, पण गाडी वेशीपर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. वहिनी दारात उभी होती. गाडी परत येताना बघून ती खाली बसली, ते मला अजून दिसतं.

आमच्याकडे इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि बायका तिथे जात नाहीत. आईसुद्धा जात नाही. दादाने तिला धोतराच्या पानात गुंडाळून छातीशी धरलं आणि गावाबाहेरच्या माळाकडे निघाला. बरोबर आमचे चुलते दत्तराव, खांद्यावर कुदळ-फावडं घेऊन. मी मागोमाग गेले. मला कोणी हाकललं नाही, बहुतेक कोणाच्या लक्षातच आलं नाही. खड्डा खोदला, मीठ टाकलं, तिला ठेवलं, माती लोटली. कोल्ह्या-तरसांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवतात. लोक नुसते दगड टाकून मोकळे होतात. दादाने ते एकात एक बसवले, बांध घालताना बसवतात तसे, फटीत दगडाच्या चिपा ठोकून. मग तो घरी आला, परसात पडलेलं फुटकं दगडी उखळ उचलून डोक्यावर घेतलं आणि पुन्हा माळावर जाऊन त्या रचलेल्या दगडांवर पालथं घातलं.

ते उखळ वहिनीचंच होतं. नव्या नवरीने मिरच्या कुटताना मुसळाचा घाव कडेवर घातला आणि हाताच्या पंजाएवढा टवका उडाला, म्हणून आमच्या आजीने तिला पुष्कळ बोल लावले होते. उखळ पोरीवर ठेवल्याचं मी घरी येऊन वहिनीला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "पालथं ठेवलं ना? पाणी साचाया नको."

पुढे काही वर्षांनी येलदरीचं धरण झालं आणि आमचं गाव बुडितात गेलं. लोकांनी घरांच्या चौकटी उचकटल्या, तुळया काढल्या, मारुतीला गाडीत बसवून वरच्या नव्या गावठाणात नेलं. आमच्याही घराचं सगळं गेलं. वहिनी मात्र रिकाम्या घराच्या ओट्यावर बसून राहिली. तेव्हा तिचा मुलगा भागवत तिच्या मांडीवर होता. देव नेले, दारं नेली, माझं लेकरू नेल्याबिगर मी हलणार नाही, असं तिचं म्हणणं. चुलत्यांनी समजावलं, शेजारणींनी समजावलं. शेवटी दादा कुदळ घेऊन माळाकडे गेला. एकटाच गेला, कोणाला बरोबर येऊ दिलं नाही. खूप वेळाने परत आला तेव्हा त्याच्या हातात कोऱ्या कापडाचं गाठोडं होतं. वहिनीने हात पुढे केले, पण त्याने ते तिच्या हाती दिलं नाही. बघायचं नसतं म्हणाला. नव्या शेतात एक कोवळा निंब होता, त्याच्या बुडाशी त्याने स्वतः खड्डा घेतला, गाठोडं ठेवलं आणि माती ओढली.

तेव्हापासून तो निंब म्हणजे पुतळा. वहिनी दर अमावस्येला तिथे दिवा लावायची. अक्षय तृतीयेला पितरांच्या पाण्याच्या घागरी भरल्या की एक लहानसं मडकं वेगळं भरून निंबाखाली ठेवायची. पुढच्या लेकरांचं पहिलं दूध, पहिली कणसं, सगळं आधी तिथे. आणि दादा तिथे कधीच गेला नाही. निंबाजवळून पाऊलवाट होती तरी तो वळसा घालून बांधावरून जायचा. तिकडचा तुकडा नांगरायचा झाला की नांगर गड्याच्या हाती द्यायचा. वहिनी म्हणायची, जा, एकदा तरी हात जोडा. तो म्हणायचा, तू जातेस ना. या एका वाक्यावर ती जळायची. मुलगा असता तर गेला असता, असंही ती म्हणायची, आणि ते मी त्याच्यासमोर म्हणताना ऐकलं आहे.

दादा अंथरुणाला खिळला तेव्हा मी परभणीहून जाऊन राहिले होते. शेवटी शेवटी त्याचं बोलणं बंद झालं, ऐकू मात्र येत होतं. वहिनी त्याच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होती. पाणी लावता लावता म्हणाली, "आता चाललात ना तिच्याकडं. तिला सांगा, जिवंतपणी कामून आला न्हाई ते." दादाने तोंड भिंतीकडे केलं. वहिनी रडली ती सगळं झाल्यावर, बाराव्याच्या दिवशी.

त्यानंतर दोन वर्षांनी, पावसाने ओळीने दगा दिल्यावर, धरण आटलं. मी मानवतच्या शाळेत नोकरी केली, आता निवृत्त होऊन परभणीला असते, पण उन्हाळ्यात माहेरी गेल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या वर्षी गेले तर पाणी इतकं मागे हटलेलं की जुन्या गावाची जागा उघडी पडली होती. काठावरून नुसत्या डोळ्यांना तिथे काळपट ठिपके दिसायचे, बाकी काही नाही. जाणं शक्य नव्हतं. मध्ये नदीचं जुनं पात्र अजून भरलेलं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना गाळ. वरून वाळलेला दिसतो, पाय टाकला की माणूस कमरेपर्यंत जातं. आठवड्याआधीच शेजारच्या गावची एक म्हैस त्यात रुतून मेली होती.

सिद्धोधन मला तिथेच भेटला. मानवतला माझा विद्यार्थी होता, आता जिंतूरकडे एका शाळेत विज्ञान शिकवतो. त्याचे आजोबाही आमच्याच जुन्या गावचे, बौद्धवाड्यातले. धरण आटलं की नदीसुरय नावाचे पक्षी उघड्या पडलेल्या माळावर अंडी घालतात म्हणे, त्यांची मोजदाद करायला तो सुट्टीत येऊन राहिला होता. माणूस जवळ गेलं की ते पक्षी अंडी सोडून उठतात आणि उन्हात अंडी वाया जातात, म्हणून हा लांबूनच फोटो काढायचा. त्याने मला कॅमेऱ्यात एक फोटो दाखवला. पक्ष्याच्या मागे मारुतीच्या पाराचे दगड स्पष्ट दिसत होते. मी सरळ त्याचा हात धरून त्याला घरी नेलं.

वहिनीचा उजवा डोळा काचबिंदूने गेलेला. डाव्याचंही परभणीच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की कडेने अंधार येत येत मधलं तेवढं उरेल आणि पुढे तेही जाईल. मी तिला म्हटलं, वहिनी, अजून दिसतंय तोवर आपलं घर बघून घेऊ. ती म्हणाली, बुडालेल्या घराचं काय बघायचं? पण दुपारभर मग तीच बोलत राहिली, चुलीमागे खुंटी कुठे होती, ओट्याला पायऱ्या किती उंच होत्या. तिला जायचं होतं.

सिद्धोधनची दुर्बीण दोन नळ्यांची नव्हती. एकच जाडजूड नळी आणि मागे तिरपं बसवलेलं लहान भिंग. तिला तो स्कोप म्हणायचा. त्या भिंगासमोर डोळा अगदी नेमका धरावा लागतो. जरा इकडे तिकडे झालं की सगळं काळं. पाठीत वाकलेल्या आणि अर्ध्या डोळ्याने बघणाऱ्या माणसाला ते जमणारं नव्हतं. म्हणून त्याने ठरवलं की डोळ्याच्या जागी कॅमेरा लावायचा आणि वहिनीने कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र बघायचं. तो फोटो काढायचा तोही असाच. जोडायची तयार कडी विकत मिळते, पण ती त्याच्या कॅमेऱ्याला बसत नव्हती. त्याने तुषार सिंचनाच्या पाइपाचा जोड करवतीने कापून घेतला होता, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवून. एका तोंडाने तो स्कोपच्या भिंगावर घट्ट बसायचा, दुसऱ्या तोंडात कॅमेऱ्याचं भिंग शिरायचं. दोन्ही भिंगं एका रेषेत आली पाहिजेत, नाहीतर अर्ध्या चित्रावर सावली येते. आमच्या ओसरीवर बसून तो ते पुन्हा पुन्हा जोडून बघत होता. वहिनी शेजारी बसून कान देऊन ऐकत होती.

"पाइपलाइन करायलास का काय रे?" ती म्हणाली. "पाणी येईल का ह्यातून?"

"पाणी न्हाई आज्जी, गाव येईल."

"मग जपून जोड. आमच्या गावात लय भांडखोर माणसं होती."

भागवतची बायको माधवी आत भाकरी करत होती, तिलाही हसू आवरलं नाही. वहिनीला इतक्या मोकळेपणी थट्टा करताना मी दादा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

सकाळी लवकर जायचं असं ठरलं. ऊन चढलं की जमिनीवरून गरम हवा उठते आणि इतक्या लांबचं चित्र उकळत्या पाण्यासारखं हलायला लागतं, त्याला मग कुठलंच भिंग काही करू शकत नाही, असं सिद्धोधनने समजावून सांगितलं. भागवतने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकली आणि उजाडता उजाडता आम्ही काठावर पोचलो. एक सपाट खडक पाण्याच्या बाजूला पुढे आलेला आहे, त्यावर सिद्धोधनने तीन पायांचा स्टँड रोवला. वाऱ्याने हलू नये म्हणून मधोमध दगडांनी भरलेली पिशवी टांगली. वर स्कोप, स्कोपच्या मागे ते पाइपाचं कडं, कड्यात कॅमेरा. वहिनीला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून कॅमेऱ्याची काच तिच्या तोंडासमोर येईल इतकं सगळं खाली घेतलं. उजेडाची तिरीप काचेवर पडत होती, तेव्हा वहिनीने पदर पुढे ओढून काचेसकट डोकं झाकलं. मीही शेजारून त्या पदरात डोकं घातलं. आम्ही जन्मभर पदर पुढे ओढला तो कोणी आपल्याला बघू नये म्हणून.

आधी काळ्या काचेत मधोमध एक लहानसा गोल उजेड दिसला, चंद्राएवढा. त्यात गाव. कडेचा काळा भाग झूम केल्यावर निघून जातो म्हणून सिद्धोधन कॅमेऱ्याकडे हात नेत होता.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "मला सगळं असंच दिसतं."

त्याने हात मागे घेतला आणि स्कोप हळूहळू फिरवू लागला. पाराचा चौथरा आला. मोटेच्या विहिरीचे दोन उभे दगड आले. घरांची जोती, गाळाने अर्धी भरलेली. वहिनी एकेक ओळखत होती. हे पाटलाचं, हे कासाराचं, ह्या घरातल्या म्हातारीने माझा तांब्या नेला तो दिलाच नाही. मग आमचं घर आलं. भिंती नव्हत्या, पण ओट्याच्या पायऱ्या तशाच होत्या, आणि एका पायरीला मधे खळगा पडलेला, तिथे आम्ही विळे घासायचो. वहिनी काचेवर बोट फिरवत राहिली. मी तिला विचारलं, दिसतंय ना? तिने मान हलवली. तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. मला वाटलं, आणलं ते बरं केलं.

सिद्धोधनने मग विचारलं, आज्जी, एक मिनिट माझे पक्षी बघून घेऊ का? तिने हो म्हटलं. त्याने स्कोप गावाच्या उजव्या हाताला, माळाकडे वळवला. माळ उंचावर असल्याने तिथे गाळ साचला नव्हता. उलट लाटांनी माती धुऊन नेली होती आणि दगड दगड उरले होते. पांढऱ्या-राखी रंगाचे, पिवळ्या चोचीचे पक्षी जमिनीला चिकटून बसले होते. तो मोजत होता. बटण दाबून हात मागे घ्यायचा, म्हणजे बोटाचा धक्का चित्राला लागत नाही, मग कॅमेरा थोडं थांबून आपणच फोटो काढायचा. तेवढ्यात मला ते दिसलं. मला वाटलं तो स्कोप पुढे नेईल.

"थांब," वहिनी म्हणाली. "जरा मागं घे."

त्याने मागे घेतलं.

"हे उखळ हाय."

"दगड असेल आज्जी," सिद्धोधन म्हणाला, पण मग स्वतःच काचेजवळ वाकला. "खालचे दगड मात्र कुणीतरी रचलेत. नुसते पडलेले नाहीत ते. एकात एक बसवलेत."

"ते माझं उखळ हाय. त्याच्या कडंला टवका हाय, बघ खालच्या अंगाला."

त्याने स्कोपवरची फोकसची चकती हलकेच फिरवली, चित्र नितळ झालं. पालथ्या उखळाच्या खालच्या कडेला पंजाएवढी खाच होती आणि तिच्यातून आतला काळोख दिसत होता. खाली दगडांची रचाई, उतरती, चिपा ठोकलेली. एकही दगड हललेला नव्हता. मी आठ वर्षांची असताना पाहिली होती तशीच.

वहिनीने पदर मागे टाकला आणि माझ्याकडे वळली. एवढ्या जवळून तिचा तो अर्धा डोळा माझ्या तोंडावर फिरत होता.

"चांगुणा, पोरीला काढायचं तर उखळ उतरवावं लागंल का न्हाई?"

"लागेल, वहिनी."

"दगड उकलावं लागतील."

"हो."

"मग काढल्यावर परत कोण असं रचंल? गाव उठायच्या गडबडीत?"

भागवतला पुतळाची सगळी गोष्ट ठाऊक होती, आई काय म्हणते आहे ते त्याला आत्ता कळायला लागलं होतं. तो म्हणाला, "आई, इतकी वरसं पाणी व्हतं. लाटांनी बी दगड इकडचे तिकडं होतात."

"लाटा चिपा ठोकत न्हाईत, बाबा."

सिद्धोधनला कशाचाच पत्ता नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याला हळू आवाजात थोडक्यात सांगितलं, तेव्हा तो स्टँडपासून दूर झाला, जणू त्याच्याच हातून काही मोडलं होतं.

कोऱ्या कापडातलं ते गाठोडं मला आठवत होतं. दादाने ते दोन्ही हातांवर आडवं धरून आणलं होतं, खांद्यावर टाकलं नव्हतं, आणि चालताना तो त्याच्याकडे बघत नव्हता. त्यात काय होतं, आता कोण सांगणार? माळावरची माती असेल. तो कुदळ घेऊन गेला असेल, त्या दगडांपाशी बसला असेल. आपण बसवलेला पहिला दगड उकलायला हात लावला असेल आणि तो त्याच्याने उचलवलाच नसेल. त्याच्या जागी मी असते तरी मला जमलं नसतं. पण घरी ओट्यावर बायको बसली होती, ती लेकराशिवाय उठणार नव्हती, आणि पाणी थांबणार नव्हतं.

वहिनीने मान पाण्याकडे वळवली. मग म्हणाली, "मी तिकडं निंबाला पाणी घालायले. अन् लेकरू हिकडं पाण्याखाली."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"एकटंच होतं की ते, चांगुणा."

भागवतने खाली बसून तिचे गुडघे धरले. त्याला आईला काहीतरी द्यायचं होतं आणि त्याच्याजवळ जे होतं ते त्याने दिलं. "एकटं नव्हतं, आई. आबा यायचे हितं."

"ते तर पाणी बघाया यायचे. मोटार बुडंल म्हणून."

"मोटार तिकडं हाय, नाल्यापाशी. आबा हितं बसायचे, ह्याच खडकावर. मी एकदा विचारलं, हितं कामून बसता? म्हणले, माळ कुठं आला ते बघतो. म्या म्हणलं, धरण भरलंय, माळ कसा दिसंल? तर म्हणले, मला दिसतो."

"कधी यायचे?"

"कधी बी. पेरणी झाली की. सणाच्या दिवशी तर यायचेच. आम्ही पोळ्या करून वाट बघायचो अन् आबा हिकडं. तूच चिडायचीस की."

वहिनी चिडायची हे खरं होतं. सणाच्या दिवशी निंबाला नैवेद्य दाखवायची वेळ आली की दादा नेमका घरात नसायचा. ती ताट घेऊन एकटी निंबाकडे निघायची आणि जाताना मोठ्याने बोलत जायची, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. माणसाला लाज असावी, स्वतःच्या लेकराला तोंड दाखवायची लाज वाटते. दादा परत आला की हात-पाय धुऊन मुकाट्याने जेवायला बसायचा. एकदाही त्याने उलट उत्तर दिलं नाही. त्याच्या एका शब्दाने तिचा राग मोडला असता, पण त्याच शब्दाने निंबही गेला असता, आणि निंबाशिवाय तिच्याजवळ त्या मुलीचं काहीच नव्हतं. हे सगळं मला तिथे काठावर उभं असताना कळलं. वहिनीला माझ्या आधी कळलं असावं, कारण ती म्हणाली, "लय बोलले मी त्यांला. मरताना बी बोलले."

"तुला ठाऊक नव्हतं, वहिनी."

"मला नव्हतं. त्यांला तर होतं ना? ठाऊक असून ऐकून घेतलं. भिंतीकडं तोंड केलं त्यांनी. मला वाटलं, खरं बोललेलं झोंबलं."

ऊन आता चांगलं वर आलं होतं. वहिनीने पुन्हा पदर ओढून कॅमेऱ्याच्या काचेवर धरला आणि मला आत घेतलं. त्या गोल उजेडात उखळ होतं, पण त्याच्या कडा थरथरू लागल्या होत्या. रचलेले दगड एकमेकांत मिसळत होते, वर उठत होते, पुन्हा खाली बसत होते. सिद्धोधन मागून म्हणाला की हवा तापली, आता यापुढे स्पष्ट दिसणार नाही. उद्या पहाटे पुन्हा लावून देतो, हवा तर रोज लावून देतो, चांगला फोटो काढून मोठा करून देतो.

"फोटो नको," वहिनी म्हणाली. "तू तेवढं हलवू नको."

तो थांबला. भागवत उठून ट्रॉलीपाशी गेला आणि तिथे आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.

काचेत आता ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, नुसता पिवळट उजेड हलत होता. माझे डोळे दुखायला लागले आणि मी पदराबाहेर आले. वहिनी आतच राहिली. तिचे दोन्ही हात कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना होते, त्याला न लागता, लेकराच्या तोंडाभोवती धरावेत तसे. आमच्या पिढीच्या बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते लग्नकार्यात उखाण्यातच, एरवी नाही. सगळ्या संसारात मी तिच्या तोंडून ते साधं, नुसतं असं कधी ऐकलं नव्हतं. म्हणून पदराआडून तिचा आवाज आला तेव्हा ती कोणाशी बोलते आहे, हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

"माणिकराव," ती म्हणत होती, "मला तरी सांगायचं होतं. मी बी बसले असते हितं."